जलरंगातलं निसर्गचित्र: या चुका टाळा

पुस्तकासाठी शेतं, झाडं, डोंगर जागेवर बसून रंगवताना चित्र बहुतेक वेळा बिघडतं ते पाण्यामुळे. रंगाची छटा चुकली तर सावरता येते, ओलाव्याची वेळ चुकली की सावरणं कठीण.

सगळ्यात जास्त फसतं ते आकाश. वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, अर्धवट वाळलेला असतो आणि एखादा ढग नीट करायचा मोह होतो. ओला ब्रश टेकला की त्यातलं जादा पाणी पसरत जातं, रंगाचे कण पुढे ढकलतं आणि दातेरी कडेचा डाग उमटतो. म्हणून कागद तिरप्या उजेडात बघा. ओली चमक आहे तोवर रंग सोडता येतो. चमक गेली, पण हाताची पालथी बाजू टेकवल्यावर कागद गार लागतोय? मग ब्रश खाली ठेवा. डाग पडलाच तर लगेच घासू नका. पूर्ण वाळू द्या, मग स्वच्छ ओलसर ब्रशने कडा सैल करून टिश्यूने टिपा. वॉशच्या खालच्या कडेला साचलेलं पाणीही पिळलेल्या ब्रशने उचलायला हवं, नाहीतर तेच उलटं वर चढतं.

पातळ कागद फुगतो आणि खळग्यांत रंग साचतो. 300 जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन 300 ग्रॅम), शक्यतो सुती कागद घ्या, चारही कडा टेपने बोर्डवर चिकटवा.

ट्यूबमधला हिरवा तसाच लावला तर शेत खोटं दिसतं. त्यात किंचित बर्न्ट सिएना, म्हणजे लालसर तपकिरी, मिसळा. दूरच्या झाडीसाठी अल्ट्रामरीन निळा आणि भरपूर पाणी. एका मिश्रणात तीनापेक्षा जास्त रंग गेले की बहुतेक वेळा गढूळपणा येतो. जलरंग वाळल्यावर फिके होतात, तेव्हा आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर लावून, वाळवून बघा.

बसताना कागद सावलीत ठेवा. थेट उन्हात रंग उजळ भासतात, म्हणून हात गडद रंगाकडे जातो आणि घरात चित्र काळवंडलेलं वाटतं. पेनने रेषा काढणार असाल तर शाई वॉटरप्रूफ हवी, आणि तीही पूर्ण वाळल्याशिवाय वर पाणी नको.

चित्र दोन पानांवर पसरणार असेल तर घर किंवा माणूस मधोमध नको, तो शिवणीत जातो. मजकुराची जागा पेन्सिलच्या खाक्यातच मोकळी सोडा. छपाईत कडा कापली जाते, त्यामुळे चारही बाजूंना किमान 3 मिमी चित्र जास्त रंगवा. छापायच्या आकारात स्कॅन किमान 300 डीपीआयला (दर इंचाला 300 ठिपके) करा आणि आकाशाचे फिके वॉश पांढरे पडले नाहीत ना, हे मूळ चित्र शेजारी धरून तपासा.