मे महिन्यात पडदा रंगवायचा तर पहाटेच

माझे काका दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत तंबू ठोकून फोटो काढायचे. घोडा विकून खिसा गरम झालेला माणूस आधी त्यांच्याकडे वळायचा, कारण मागच्या पडद्यावर जिना, कारंजं आणि दोन मोर होते. पडदा काकांनीच रंगवलेला. सरस उकळून त्यात खडूची पूड, काजळी आणि पिवडी, म्हणजे पिवळी माती. दिसायला मखमल, पण सरसाच्या रंगाला पाण्याचं वावडं. एका वर्षी अवकाळी पाऊस झाला आणि मोरांचे ओघळ झाले.

मी अमळनेरला स्टुडिओ चालवतो आणि पडदे इमल्शनने, म्हणजे भिंतीला लावायच्या पाण्यात मिसळणाऱ्या रंगाने रंगवतो. मोर आता कोणी मागत नाही. चेहऱ्यामागे नुसता ढगासारखा रंग हवा असतो, आणि तोच रंगवायला अवघड.

कापड जाड मांजरपाट घ्या. कोरं कापड रात्रभर भिजवून वाळवा, म्हणजे खळ निघते आणि आटायचं तेवढं आधीच आटतं. माझा पहिला पडदा मी न भिजवता रंगवला होता. त्याच्या कडा पापडासारख्या वळल्या. पन्हा कमी पडला तर शिवण आडवी घ्या. खालच्या पाइपाच्या वजनाने ती ताणून सपाट होते. उभी शिवण मात्र फोटोत गिऱ्हाइकाच्या डोक्यातून शेंडीसारखी निघते.

भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकून कापड त्यावर ताणा. खिळे मधून कोपऱ्यांकडे मारत जा. पांढऱ्या प्रायमरमध्ये तेवढंच पाणी घालून एकच हात द्या. जाड थर दिला की पडदा पत्र्यासारखा वाजतो आणि गुंडाळताना तडकतो. रंग मॅटच हवा. मी एकदा उरलेला ऑइलपेंट संपवायला म्हणून वापरला. फ्लॅश उडाला की प्रत्येक नवरदेवाच्या डोक्यामागे चंद्र उगवायचा.

8 बाय 10 फुटांना दोन लिटर इमल्शन पुरतं. पांढऱ्यात नुसता काळा घातला तर राखाडी निळसर येते आणि आपल्याकडच्या सावळ्या, गव्हाळ चेहऱ्यामागे ती आजारी दिसते. म्हणून त्यात थोडी पिवडी आणि चिमूटभर हिरमुंजी, म्हणजे तांबडी माती. याच रंगाच्या तीन बादल्या करा: मधला, जरा उजळ, जरा गडद. तिन्ही शेजारी ठेवल्यावर ‘फरक आहे का?’ असं कोणी विचारलं तर प्रमाण बरोबर जमलं. इमल्शन वाळल्यावर गडद होतं, तेव्हा आधी चिंधीवर लावून, वाळवून बघा.

आता ऊन. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45च्या आसपास असतो. ब्रश बादलीत बुडवून परत येईपर्यंत आधीचा पट्टा वाळलेला, आणि दोन पट्ट्यांच्या जोडाला रेघ. ती रेघ नंतर कशानेच जात नाही. म्हणून मी चारला उठतो, पंखा बंद ठेवतो आणि आठच्या आत हात धुतो. न्हाव्याकडे असते तशी पाण्याची फवाऱ्याची बाटली जवळ ठेवा. मधला रंग सगळीकडे लावा, आणि तो ओला असतानाच उजळ आणि गडद रंग चार इंची ब्रशने फुलीसारखे फटके मारत त्यात मिसळा. जोडावर ओला स्पंज थोपटा. पुसू नका. उजळ भाग बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, साधारण चार फुटांवर आणि मधोमध न घेता जरा बाजूला. कडा गडद. दर दहा मिनिटांनी लांब जाऊन डोळे किलकिले करा. मोबाइलवर काळापांढरा फोटो काढला तर डाग लगेच पकडता येतो.

जवळून बघून दुरुस्ती करत बसलात तर पडदा गेलाच. मी असे तीन घालवलेत.

कोणी देखावा मागितलाच, तर क्षितिजाची रेघ कॅमेऱ्याच्या भिंगाच्या उंचीवर घ्या आणि सगळ्या सावल्या एकाच बाजूला पाडा. नाहीतर माणूस जिन्यासमोर उभा नाही, जिन्याच्या चित्रासमोर उभा आहे, हे पोरालाही कळतं.

दोन दिवस ताणलेलाच वाळू द्या. मग घडी न घालता जाड पाइपावर गुंडाळा, रंगाची बाजू बाहेर. मध्ये जुनी सुती साडी घाला, नाहीतर उन्हाळ्यात इमल्शन चिकटतं आणि उलगडताना पोपडे निघतात.

परवा एक आजी नातवाला घेऊन आल्या. नवा पडदा बघून म्हणाल्या, “भाऊ, पडदा धुवाना राही गया का?” मी काही बोललो नाही. दोघांना पडद्यापासून सहा फूट पुढे बसवलं, मागचं धूसर व्हावं म्हणून भिंगाचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं आणि फोटो काढून स्क्रीन त्यांच्यासमोर धरली. आजींनी स्क्रीन बघितली, मागे वळून पडदा बघितला, आणि पुन्हा स्क्रीन.