घरचा सीसीटीव्ही बाहेरून दिसत नाही? राउटर बदलायच्या आधी हे बघा

पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली रिक्वेस्ट घरातल्या उपकरणाकडे पाठवायची राउटरमधली सेटिंग) सगळं नीट केलंय तरी ऑफिसमधून घरचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) उघडतच नाही, माझे दोन रविवार यातच गेले आणि चूक राउटरची नव्हतीच.

राउटरच्या पेजवर जा (बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) आणि स्टेटसमध्ये वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघून लिहून ठेवा. मग त्याच वायफायवरून गुगलवर आपला आयपी शोधा. दोन्ही सारखे असतील तर अडचण दुसरीकडे आहे. पण वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच पब्लिक आयपी बऱ्याच घरांत वाटलेला, त्यामुळे बाहेरून आलेली रिक्वेस्ट तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही. हा पट्टा २०१२ मध्ये खास यासाठीच राखून ठेवला, साधारण ४२ लाख पत्ते. काही ठिकाणी १० ने सुरू होणारा मिळतो, तोही राखीवच.

पत्ते कमी पडतात म्हणून ही वाटणी; त्यावर उपाय म्हणून २४० पासून पुढचे २६ कोटींहून जास्त पत्ते पडून आहेत ते खुले करा असं काहीजण म्हणतात, मला ते पटत नाही, कारण जुनी उपकरणं ते पत्ते घेतच नाहीत, आणि आयपीव्ही६ (भरपूर पत्ते असलेली आयपीची नवी पद्धत) तर १९९५ पासून लिहून तयार आहे! तेच चालू करा.

राउटरमध्ये आयपीव्ही६ ऑन, मोड ड्युअल स्टॅक (जुनी-नवी दोन्ही पद्धत एकदम), प्रीफिक्स डेलिगेशन (घरातल्या उपकरणांसाठी कंपनीकडून पत्त्यांचा गठ्ठा घ्यायची सोय) ऑन, मग रीस्टार्ट. आता डीव्हीआरचा पत्ता बघा, २ ने सुरू होत असेल तर झालं काम, नुसता एफई८० वाला असेल तर तो घरातल्या घरातच चालतो. कस्टमर केअरला फोन करून "प्रीफिक्स डेलिगेशन देता का" असंच विचारा, "नेट स्लो आहे" म्हणालात तर ते फक्त रीस्टार्ट करायला सांगतील. बाहेर मोबाईलवरही आयपीव्ही६ लागतं, जिओवर ते असतंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, राउटरची फायरवॉल (बाहेरून येणारी कनेक्शनं अडवणारी सोय) पूर्ण बंद करू नका प्लीज, फक्त डीव्हीआरचा तेवढा एक पोर्ट उघडा आणि त्याआधी डीव्हीआरचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदला. डीव्हीआर जुना असेल आणि त्याला आयपीव्ही६ कळतच नसेल तर मग कंपनीकडून स्टॅटिक आयपी (न बदलणारा, फक्त तुमचा पब्लिक आयपी) घ्या, त्याचे पैसे वेगळे पडतात.