फिनलंड आणि व्हिएतनामचे गट एकत्र कामाला लागण्यापूर्वी

फिनलंडमधील एस्पू शहरातले कार्यालय आणि व्हिएतनामच्या दा नांग शहरातला गट यांच्यात समन्वयाचे काम करताना एक गोष्ट मनात पक्की झाली. पहिल्या बैठकीनंतर जे सांभाळत बसावे लागते, त्यातील बरेचसे तीन आठवडे आधी ठरवून घेता येते. त्या तयारीची ही यादी आहे.

सर्वप्रथम घड्याळ पाहावे. व्हिएतनामची वेळ वर्षभर एकच असते, पण फिनलंडमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलते, त्यामुळे दोन्ही देशांत हिवाळ्यात पाच तासांचे आणि उन्हाळ्यात चार तासांचे अंतर पडते. हेलसिंकीत सकाळी आठला ठेवलेली बैठक जानेवारीत दा नांगला दुपारी एक वाजता होते. तीच एप्रिलमध्ये बरोबर बारावर, म्हणजे जेवणाच्या आणि त्यानंतरच्या झोपेच्या वेळेवर येऊन पडते. तेथील अनेक कार्यालयांत दुपारी दिवे मालवून, घडीची खाट टाकून थोडा वेळ झोपण्याची रीत आहे आणि ती मोडू नये. फिनिश मंडळी अकराच्या सुमारास जेवायला उठतात, तेव्हा बारमाही खात्रीचे असे फिनलंडच्या वेळेनुसार नऊ ते अकरा हे दोनच तास उरतात. त्याच वेळी सुट्ट्याही लिहून काढाव्यात. तेत हा चांद्र नववर्षाचा सण जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हाही येतो आणि त्या काळात माणसे आपापल्या गावी गेलेली असतात. फिनलंडमध्ये जून अखेरच्या युहान्नुस या मध्य-उन्हाळ्याच्या सणानंतर जुलै जवळजवळ रिकामा जातो.

नावांची यादी व्हिएतनामी सहकाऱ्यांकडूनच मागवावी. त्यांच्याकडे आडनाव आधी आणि स्वतःचे नाव शेवटी येते, आणि हाक मारताना शेवटचेच नाव घेतात. संगणकावर खाती उघडताना ही उलटापालट झाली, तर गटातील निम्मी माणसे ‘न्गुयेन’ या एकाच नावाने दिसू लागतात. अक्षरांवरील चिन्हेही जशीच्या तशी ठेवावीत, कारण चिन्ह बदलले की नाव बदलते.

संबोधनाविषयी फिनिश गटाला आधीच सांगून ठेवावे. व्हिएतनामी भाषेत ‘मी’ आणि ‘तुम्ही’ यांच्या जागी बहुधा नातीच येतात: आन्ह म्हणजे थोरला भाऊ, ची म्हणजे थोरली बहीण, एम म्हणजे धाकटे भावंड. दादा-ताई म्हणण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला हे लगेच उमगते, फिनिश माणसाला मात्र ते समजावून सांगावे लागते, कारण त्याच्याकडे थेट संचालकालाही पहिल्या नावाने आणि एकेरीत हाक मारतात. म्हणून पहिल्याच दिवशी कोणी वय विचारले, तर ती खासगी चौकशी नसून वाक्य नीट जुळवण्याची गरज आहे, हे त्यांना ठाऊक असावे. व्हिएतनामी गटालाही सांगावे की एकेरीत उद्धटपणा नाही.

सर्वांत जास्त वेळ ‘हो’ या शब्दाला द्यावा. दक्षिणेत ‘या’ आणि उत्तरेत ‘झा’ असा उच्चारला जाणारा आदरार्थी उद्गार पुष्कळदा ‘ऐकतो आहे’ एवढेच सांगतो. आमच्या एका कामात फिनिश अभियंत्याने चाचणी शुक्रवारपर्यंत होईल का, असे विचारले. पलीकडून एका मुलीचे ‘या, येस’ आले आणि त्याने ती मुदत म्हणून वहीत लिहून घेतली. शुक्रवारी कळले की सर्व्हर वापरण्याची परवानगीच मिळालेली नव्हती, आणि हे सर्वांसमोर बोलले तर आपल्या गटप्रमुखाची मान खाली जाईल, म्हणून ती मुलगी गप्प राहिली होती. तेव्हापासून प्रश्न ‘होईल का?’ असा न विचारता ‘काय काय हवे आहे आणि त्यातले काय अजून मिळालेले नाही?’ असा विचारावा, तो गटप्रमुखाकडे आदल्या दिवशी एकट्याने आणि लेखी पाठवावा, आणि बैठकीत फक्त आलेले उत्तर वाचावे, असा नेम आम्ही ठेवला आहे.

फिनिश शांततेचीही अशीच पूर्वसूचना द्यावी. एकदा दा नांगहून दहा दिवसांचा अंदाज आला आणि फिनिश सहकारी पडद्याकडे बघत विचार करू लागला. काही क्षणांत पलीकडून ‘सात’ असे आले, तो तरीही बोलला नाही, आणि मग ‘पाच’ आले. त्याला दहा दिवस मान्यच होते. विचार करायचा असेल तर ‘मला एक मिनिट द्या’ असे तोंडाने म्हणावे, हे फिनिश गटाने आधीच मान्य करावे. माझ्या मते हा या यादीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी उपाय आहे.

प्रत्यक्ष भेटीपूर्वी हनोईला जाणाऱ्याने हे वाचून जावे की 1985 पासून फिनलंडच्या साहाय्याने त्या शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम अनेक वर्षे चालले. वडीलधाऱ्यांशी बोलण्याची सुरुवात त्यावरून सहज होते. भेटवस्तू आणि कार्ड दोन्ही हातांनी द्यावे. फिनलंडला येणाऱ्यांना साउनाचे, म्हणजे गरम वाफेच्या स्नानाचे, आमंत्रण मिळेल, तेव्हा स्त्री-पुरुष बहुधा वेगवेगळे बसतात आणि नको म्हटले तरी कोणी वाईट वाटून घेत नाही, हे त्यांना लेखी कळवावे. भेट हिवाळ्यात असेल तर दा नांगच्या माणसाकडे बर्फात चालण्याचे बूट नसतील असे गृहीत धरून, पावलांची मापे तिकिटे काढतानाच विचारून घ्यावीत.