व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअर सारखं हँग होतंय? आधी नेमकं काय अडकलंय ते बघा

एडिटिंग शिकायला लागलो त्या पहिल्या काही महिन्यांत माझा निम्मा वेळ स्क्रीनवर गरगरणारं गोल चाक बघण्यात गेला. सॉफ्टवेअर हँग झालं की मी ते काढून पुन्हा टाकायचो, संगणक रीस्टार्ट करायचो, प्रिव्ह्यूचं रिझोल्यूशन उतरवायचो आणि हे सगळं एकाच दमात. कधी अडचण सुटायचीसुद्धा. पण कशामुळे सुटली ते कळायचं नाही, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच.

एका मुलाखतीच्या प्रोजेक्टनं मला शहाणं केलं. एक्स्पोर्ट (म्हणजे एडिट केलेल्या प्रोजेक्टची अंतिम व्हिडिओ फाइल बनवणं) दरवेळी ६३ टक्क्यांवर येऊन थांबायचा. रॅम कमी पडतेय म्हणावं, तर तो बहुधा दरवेळी वेगळ्या जागी थांबला असता. जागा ठरलेली, म्हणजे दोष टाइमलाइनवरच्याच (क्लिप ओळीनं मांडतात त्या पट्टीवरच्याच) कशात तरी होता. प्रोजेक्टची कॉपी केली, अर्ध्या क्लिप काढल्या, एक्स्पोर्ट लावला. अडकला. म्हणजे दोषी क्लिप उरलेल्या अर्ध्यात. पुन्हा त्यातल्या अर्ध्या काढल्या. या पद्धतीनं ६४ क्लिप असल्या तरी सहा फेऱ्यांत एकीवर येता येतं. माझ्याकडे सापडलं ते फोनवरचं स्क्रीन रेकॉर्डिंग.

अशा रेकॉर्डिंगचा फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं) बहुतेकदा बदलता असतो: स्क्रीनवर हालचाल असली की फ्रेम जास्त, नसली की कमी. टाइमलाइन मात्र ठरावीक गतीनं चालते. हा मेळ बसवताना आवाज पुढेमागे होतो आणि कधीकधी सगळंच अडकतं. हँडब्रेकसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती क्लिप स्थिर फ्रेम रेटवर बदलून घेतली आणि एक्स्पोर्ट पूर्ण झाला. तेव्हापासून फोनचं फुटेज मी आधी तपासतो, मगच टाइमलाइनवर घेतो.

दुसरी गोष्ट समजायला मला फार वेळ लागला. फाइल लहान म्हणजे काम हलकं, असं नसतं. एच.२६४ किंवा एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धती) फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एखादी पूर्ण फ्रेम आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच. तुम्ही प्लेहेड (टाइमलाइनवर सध्याची जागा दाखवणारी रेष) मागे ओढता तेव्हा संगणकाला आधीची पूर्ण फ्रेम गाठून तिथपासून सगळं उलगडत यावं लागतं. म्हणून नुसतं बघताना सुरळीत चालणारा व्हिडिओ एडिट करताना रखडतो. यावर खरा उपाय म्हणजे प्रॉक्सी: कमी रिझोल्यूशनची, उलगडायला सोपी प्रत. कापाकापी तिच्यावर करायची, एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून होतो. नवीन संगणकाचा विचार करण्याआधी एकदा हे करून बघाच, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

क्लिप निर्दोष असल्या तर टास्क मॅनेजर (प्रोसेसर, मेमरी, डिस्क किती वापरात आहे ते दाखवणारा विंडोजमधला प्रोग्रॅम) उघडा ठेवून काम करा आणि हँग होताना कुठला आकडा १०० टक्क्यांना भिडतो ते बघा. मेमरी भरली असेल तर ब्राउझर बंद करा. डिस्कवर ताण असेल तर फुटेज कुठे ठेवलंय ते तपासा. जुन्या यूएसबी २.० पोर्टची कमाल गती ४८० मेगाबिट प्रति सेकंद, ३.० ची ५ गिगाबिट. एक्स्टर्नल ड्राइव्ह चुकीच्या पोर्टमध्ये लावल्यानं रखडलेले प्रोजेक्ट मी स्वतः पाहिलेत. डिस्क भरत आली असेल तर मीडिया कॅशे (सॉफ्टवेअरनं वेगासाठी बनवलेल्या तात्पुरत्या फाइल) रिकामा करा. मूळ फुटेजला त्यानं धक्का लागत नाही, कॅशे पुन्हा तयार होतो. सगळे आकडे शांत असूनही हँग होत असेल तर प्लगइन (सॉफ्टवेअरला वरून जोडलेले जादा प्रोग्रॅम) एकेक करून बंद करा, ग्राफिक्स ड्रायव्हर बघा. मात्र सुरू असलेल्या प्रोजेक्टच्या मध्यावर ड्रायव्हर किंवा सॉफ्टवेअर अपडेट करू नका.

आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला, मग तपासा. मी वहीत दोन रकाने करतो: काय बदललं, काय झालं. ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर ठेवा आणि मोठ्या बदलाआधी प्रोजेक्ट नव्या नावानं सेव्ह करा, म्हणजे हे सगळे प्रयोग निर्धास्तपणे करता येतात.