शिनाणे-कालवांच्या दोऱ्या पाण्यात सोडताय? आधी परका शिंपला आलाय का ते बघून घ्या

गणपती गेले, पाऊस ओसरत आला. पुण्यात बसून कोकणातल्या खाडीत शिनाणे (हिरवे मसल) नाहीतर कालवं (ऑयस्टर) लावायचं ज्यांनी ज्यांनी ठरवलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. राहायला कोथरूड, वारजे नाहीतर चिंचवडला, गाव देवगड-मालवण-वेंगुर्ल्याकडे, खाडीवर बघायला घरचं कोणीतरी आणि आपण जमेल तसं वीकेंडला जाऊन येणार, असे बरेच जण हल्ली यात उतरलेत. सिंधुदुर्गात बचत गटांच्या बायकांनी ही शेती करून दाखवली म्हणूनच बाकीच्यांना धीर आला हेही खरं. पण बियाणं (म्हणजे दोरीला बांधायची बारकी पिलं), दोरी, तराफा, मार्केट यावर सगळे तासन् तास बोलतात आणि बाहेरून येऊन चिकटणाऱ्या परक्या शिंपल्यांबद्दल कोणी विचारतच नाही. त्याची तपासणी स्वस्तात करायचा काळ म्हणजे आत्तापासून दसऱ्यापर्यंतचा, कारण तराफा रिकामा आहे, दोऱ्या बाहेर आहेत आणि बी अजून बांधायचंय. एकदा बी बांधून दोरी सोडली की पुढे प्रत्येक तपासणीत थोडंफार आपलंच नुकसान होतं.

कोणाला शोधायचं ते आधी सांगतो. आपल्याकडे दोन नावं डोक्यात ठेवा. पहिला मायटिलॉप्सिस सलाय, मूळचा कॅरिबियन आणि मेक्सिकोच्या आखाताकडचा. तो १९६७ मध्ये विशाखापट्टणमला सापडला आणि १९७० च्या दशकात मुंबई बंदरातही त्याची नोंद झाली, म्हणजे तो आपल्या दारात येऊन पन्नास वर्षं होत आली. दुसरा मायटेला स्ट्रिगाटा, ज्याला चारू मसल म्हणतात, मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यावरचा. हा २०१९ च्या सुमारास केरळच्या वेंबनाड आणि अष्टमुडी खाड्यांत शास्त्रज्ञांच्या नोंदीत आला. अष्टमुडीचं नाव मुद्दाम घेतोय. तिथल्या तिसऱ्या नावाच्या छोट्या शिंपल्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये एमएससी, म्हणजे टिकाऊ मासेमारीचं, सर्टिफिकेट मिळालं होतं, देशातली पहिलीच अशी मासेमारी, आणि त्याच तिसऱ्यांच्या पट्ट्यांवर हा चारू गालिच्यासारखा पसरला. तमिळनाडूत एन्नोर-पुलिकतकडेही त्याने मच्छीमारांना असाच वैताग दिलाय. जहाजं पोटात भरून आणतात ते बॅलास्टचं पाणी आणि जहाजाच्या बुडाला चिकटलेला थर, साधारण या दोन वाटांनी ही मंडळी समुद्र ओलांडतात. बॅलास्टच्या पाण्यावरचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ च्या सप्टेंबरपासून लागू झालाय, पण बंदरातून खाडीत त्यांना नेणारे आपणच असतो, आपली होडी, आपली दोरी, आपलं बी.

आता ओळखायचं कसं. आपला शिनाणा सगळ्यांना माहितीय, कडेला हिरवा, बारका असताना तर चांगलाच हिरवागार. चारू रंगाने फसवतो, काळा, तपकिरी, कधी हिरवट, कधी अंगावर नागमोडी रेघा किंवा ठिपके, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका. पाठ गुळगुळीत असते आणि आतून बऱ्याचदा जांभळट छटा दिसते. मायटिलॉप्सिस त्याहून बारका, बहुतेक वेळा इंचभराच्या आतच. त्याची पक्की खूण शिंपल्याच्या आत असते: शिंपला उघडून मांस काढा आणि टोकदार बाजूला आत बघा, तिथे छोटीशी आडवी पट्टी, कप्प्यासारखी, दिसली तर तो मायटिलॉप्सिस असायची शक्यता मोठी. शिनाण्याला आणि चारूला अशी पट्टी नसते. मात्र आपल्या खडकांवर बारक्या तपकिरी शिंपल्यांच्या गावठी जातीही असतात, तेव्हा तपकिरी दिसला रे दिसला की गावभर बोंब मारायची गरज नाही. संशय आला की सॅम्पल घ्या, त्याचं पुढे सांगतो.

शिंपल्यांशिवाय अजून एक त्रास म्हणजे सी स्क्विर्ट, दाबलं की पाण्याची पिचकारी मारणारे मऊ गोळे. त्यांचेच काही भाऊबंद दोरीवर चिकट साय धरल्यासारखे पसरतात. त्यातले बरेच कुठून आले हे सांगणं अवघड असतं, पण दोरीवर दाट बसले की शिनाण्यांना पाणीही मिळत नाही आणि खाणंही. त्या साय धरणाऱ्यांचे तुकडे पाण्यात पडले की त्या तुकड्यांतूनच नवी वसाहत उभी राहू शकते, म्हणून तराफ्यावर बसून दोरी खरवडायची आणि घाण खालीच सोडायची ही जी सवय सगळीकडे आहे ती आधी बंद करा.

पावसाळा इथे का महत्त्वाचा तेही बघा. जून ते सप्टेंबर आपल्या खाड्यांचं पाणी जवळजवळ गोडं होतं. शिनाण्याला साधारण २७ ते ३५ पीपीटी (हजार भाग पाण्यात इतके भाग मीठ) खारटपणा मानवतो, म्हणून तर आपण पावसाआधी काढणी उरकतो. चारू आणि मायटिलॉप्सिस मात्र जवळजवळ गोड्या पाण्यापासून चांगल्या खाऱ्या पाण्यापर्यंत तग धरतात. म्हणजे पावसाळ्यात गावठी गर्दी मेली, मेढे (खाडीत रोवलेले खुंट) आणि जेटीचे खांब मोकळे झाले, आणि जो जगला तो पाऊस संपायच्या आधीच जागा धरून बसला. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरला जेटीच्या खांबावर, पिंपाच्या बुडाला, बांधून ठेवलेल्या होडीच्या तळाला, नांगराच्या दोरीवर बारक्या शिंपल्यांचे ताजे झुबके दिसले तर दुर्लक्ष करू नका. पाणी अजून गोडसर असताना वर खाडीच्या तोंडापासून लांब भागात असे झुबके मिळाले तर संशय दुप्पट धरा.

तपासणीचा दिवस पंचांग बघून ठरवा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला सुकती (ओहोटी) खोल जाते, मेढे बुडापर्यंत उघडे पडतात, अर्धं काम फुकटात होतं. भांगाला, म्हणजे मधल्या दिवसांच्या कमी भरती-ओहोटीला, गेलात तर पेट्रोल जाळून नुसता खाडीचा वारा खाऊन याल. दर उधाणाला बघायचं म्हणजे साधारण पंधरा दिवसांनी एक फेरी होते, आणि हा हिशोब उगीच नाही: मायटिलॉप्सिस महिनाभरातच अंडी-वीर्य सोडण्याइतका मोठा होतो, तेव्हा फक्त आठ-दहा मिलिमीटरचा असतो. महिन्यातून एकदा बघणाऱ्याच्या हातात पिलं येण्याऐवजी त्यांची पुढची पिढी येते. पुण्याहून दर पंधरा दिवसांनी जाणं जमत नसेल, आणि ताम्हिणी नाहीतर गगनबावडा घाट उतरून कोणाला जमतंय, तर तिथल्या माणसाला ठरलेल्या चार जागांचे फोटो पाठवायला सांगा, शेजारी नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. त्या कामाचे त्याला वेगळे पैसे द्या. फुकटची तपासणी दुसऱ्या महिन्यात बंद पडते.

सापळा म्हणून जुनी कौलं झकास. काही कौलांचे तुकडे तारेत ओवून एक माळ जेटीजवळ आणि एक तराफ्याजवळ, सुकतीलाही पाण्याखाली राहील अशी बांधा. चुना फासलेली कौलं कालवांचं बी जमवायला वापरतातच, त्यामुळे हा खर्चही वेगळा नाही. दर फेरीला एक कौल उचलायचं, दोन्ही बाजू बघायच्या आणि विशेष करून खालची, कारण ऊन आणि गाळ टाळणारे सगळे तिथेच बसतात.

आता बियाणं आणि सामान, म्हणजे खरी गोम. स्थानिक खडकांवर बी कमी मिळालं की कोणीतरी केरळहून बी मागवायचं सुचवतं. ओल्या गोणपाटात भरलेलं बी रात्रभराच्या प्रवासात आरामात जिवंत येतं आणि त्यात दोन-तीन मिलिमीटरचा चारू असेल तर तोही येतो. माझं स्पष्ट मत, ज्या राज्यात चारू आहे तिथलं बी नको म्हणजे नको, यंदा चार दोऱ्या कमी लावा. स्वतःच्या खाडीच्या आसपासचं बी घेतलंत तरी प्रत्येक गोणीतून मूठभर पांढऱ्या ट्रेमध्ये पसरून फोनचा कॅमेरा झूम करून बघा.

दुसरी वाट जुन्या सामानाची. नवीन दोरी रविवार पेठेत बोहरी आळीत मिळते, महाग पडते, मग स्वस्तात म्हणून कोणी ससून डॉककडून वापरलेली दोरी, जाळी, निळी पिंपं उचलतं आणि टेम्पोत घालून थेट देवगडला. मुंबई बंदरात मायटिलॉप्सिस आहे हे वर सांगितलंच. घट्ट गुंडाळलेल्या ओल्या दोरीच्या पोटात शिंपला कित्येक दिवस जिवंत राहतो. जुनं घ्यायचंच असेल तर आधी पुण्यात आणा, गच्चीवर किंवा सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत दोरी पूर्ण सोडवून, एकावर एक न टाकता, दोन-तीन आठवडे ऑक्टोबर हीटमध्ये कडकडीत वाळवा. वासाबद्दल शेजारी बोलतील, बोलू दे. एवढा वेळ नसेल तर हात घालवणार नाही इतक्या गरम, साठ डिग्रीच्या आसपासच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. खळखळ उकळतं पाणी टाळा, प्लॅस्टिकची दोरी वाकडी होते. पिंपांचं झाकण उघडून आत पाणी साचलंय का बघा, ते विसरतात सगळे.

आणि समजा सापडलाच, तर पहिली गोष्ट, लगेच खरवडायला बसू नका. फोटो, जागा, तारीख, मग आख्खी दोरी खाली क्रेट किंवा ताडपत्री धरून वर घ्या आणि किनाऱ्यावर भरतीच्या रेषेच्या वर नेऊनच साफ करा. निघालेला माल उन्हात मरू द्या, नंतर चुना टाकून खड्ड्यात पुरा. गोड्या पाण्यात बुडवायचा उपाय सी स्क्विर्टसारख्या मऊ जिवांवर चांगला चालतो, पण चारू आणि मायटिलॉप्सिस शिंपला मिटून बसतात, त्यांना त्याचं काही वाटत नाही. संपृक्त मिठाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून मग उन्हात धरायची पद्धतही शेतकरी वापरतात, पण ती सगळ्या दोऱ्यांवर करायच्या आधी पाच-दहा शिनाण्यांवर करून बघा, दुसऱ्या दिवशी बोट लावल्यावर शिंपला मिटतोय का, नाही मिटला तर वेळ कमी करा. कालवं जरा टणक असतात, पण त्यांचीही आधी ट्रायल घ्या.

ब्लीच, मोरचूद वगैरे खाडीत ओतायची आयडिया कोणी दिली तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. ऑस्ट्रेलियात डार्विनला मार्च १९९९ मध्ये मायटिलॉप्सिस सापडला, सहा महिने आधीच्या सर्व्हेत तिथल्या मरीनात, म्हणजे होड्या ठेवायच्या बंदिस्त बंदरात, एकही नव्हता आणि आता खच पडलेला. त्यांनी मरीनाची लॉक गेटं बंद करून ब्लीच आणि मोरचूद टाकून तो संपवला. ते जमलं कारण मरीनाला दरवाजे होते आणि आतल्या बाकीच्या जिवांवर पाणी सोडायची सरकारची तयारी होती. आपल्या खाडीला दरवाजा नाही आणि तिच्यातलंच लोक खातात.

"मग खाऊन संपवू की" हेही ऐकू येतं. चारू खातात लोक, बाहेरच्या देशांत विकतातही. पण पुणेकरांनी उजनीकडे बघावं, भिगवणच्या बाजारातून चिलापीचे ढीग वर्षानुवर्षं उचलले जातायत, चिलापी संपली का? उलट ज्याला भाव येतो त्याला माणूस हौसेने नव्या पाण्यात सोडतो. काढलेला चारू विकायचाच असेल तर तिथल्या तिथे उकडून, मांस काढून विका, जिवंत माल दुसऱ्या खाडीकडे जाता कामा नये.

सॅम्पलचं राहिलं होतं. दहा-बारा शिंपले, बारके-मोठे मिसळून, स्पिरिटमध्ये घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा, फॉर्मलिन नको कारण त्यावर पुढे डीएनए तपासणी नीट होत नाही. स्पिरिट नसेल तर झिपच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये. आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका, शाईची पुसली जाते: खाडीचं नाव, नेमकी जागा, तारीख, कशावर बसला होता, त्या दिवशी खारटपणा किती होता. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर नसेल तर पुण्यात खाऱ्या पाण्याच्या फिशटँकचं सामान ठेवणाऱ्या दुकानात मिळतो. कोकणात असाल तर रत्नागिरीचं कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र जवळ पडतं, आणि बाटली तुमच्या बरोबर घाट चढून आलीच असेल तर आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आधी फोन करून जा. तालुक्याच्या मत्स्यव्यवसाय ऑफिसलाही फोटो पाठवून ठेवा. त्याच दिवशी खाडीतल्या वरच्या आणि खालच्या शेजाऱ्यांना सांगा, कारण उत्तर येईपर्यंत त्यांच्या होड्या आणि दोऱ्या तुमच्या तराफ्यावरून येत-जातच राहणार.