एमजीबी घेऊन सावंतवाडीला: निघायच्या आधीचा महिना

सासऱ्यांची १९६६ची एमजीबी, ब्रिटिश बनावटीची दोन सीटची स्पोर्ट्स कार, माझ्याकडे आली तेव्हा घरात दोन मतं होती. विकून टाका, नाहीतर कव्हर घालून ठेवा. चालवा असं कोणीच म्हणालं नाही. गेली बारा वर्षं मीच चालवते आहे, आणि दर हिवाळ्यात कर्वेनगर ते सावंतवाडी एक फेरी होतेच.

पहिल्या फेरीला मी फार शहाणपणा केला होता. निघायच्या आदल्या दिवशी प्लग, पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क), कंडेन्सर (ते पॉइंट जळू न देणारं छोटं नळकांडं), फॅनबेल्ट, सगळं नवंकोरं. खंबाटकी चढताना गाडीने दोनचार फटाके फोडले आणि बंद पडली. नवा कंडेन्सर गेला होता, बसवून चोवीस तासही झाले नव्हते. पाच वर्षं बिनतक्रार चाललेला जुना मी स्वतःच्या हाताने मिस्त्रींच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. नंतर मिस्त्री एवढंच म्हणाले, "वहिनी, नवा पार्ट आधी गावात वागवून बघायचा, मग घाटात न्यायचा."

तेव्हापासूनचा नियम: पान्याचं सगळं काम निघायच्या महिनाभर आधी सुरू करायचं आणि शेवटच्या पंधरा दिवसांत फक्त गाडी चालवायची. खाली जे सांगते आहे ते त्या क्रमाने.

सुरुवात पेट्रोलपासून. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि साठच्या दशकातलं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. नळ्या आतून फुगतात, मऊ पडतात, आणि त्यांचा काळा भुगा कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, फ्लोट चेंबरमध्ये (पेट्रोल साठायच्या वाटीत) जाऊन बसतो. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी बदला. नळीवर 'एसएई जे३० आर९' छापलेलं पाहूनच घ्या. नाना पेठेत दुकानदार "तीच आहे हो" म्हणेल, छापलेलं नसेल तर ती नाही. जुनी टाकी असेल तर इथेनॉल आतला वर्षानुवर्षांचा गाळही सोडवतं, म्हणून पुढचे दोनतीन आठवडे फिल्टर उघडून बघत राहा. शिवाय गाडी उभी असताना टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या जागेतल्या दमट हवेतलं पाणी इथेनॉल ओढून घेतं.

याच पेट्रोलमुळे मिश्रण जरा पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. एमजीबीच्या एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरवर ते ओळखायची पद्धत सोपी आहे. इंजिन पूर्ण तापू द्या. कार्ब्युरेटरच्या कडेला खालून एक बारीक पिन असते, ती बोटाने हळूच वर दाबायची. आतला पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलला पाहिजे. आवाज किंचित चढून लगेच स्थिरावला तर मिश्रण बरोबर. चढला आणि चढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त. इंजिन मरायला लागलं तर पेट्रोल कमी. मग खालचं षटकोनी जेट नट एका बाजूएवढं खाली फिरवून पुन्हा बघायचं. दोन कार्ब्युरेटर आहेत, दोन्हींना सारखाच न्याय. वरच्या डॅशपॉटचं, म्हणजे पिस्टनची हालचाल संथ ठेवणाऱ्या तेलाच्या नळीचं, झाकण काढून तेलही बघा. ते संपलं असेल तर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी आधी अडखळते, आणि लोक उगीच पॉइंट खरवडत बसतात.

पॉइंटची फट ०.३८ मिलिमीटरच्या आसपास. फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची) पट्टी हलकी अडत सरकली पाहिजे.

इलेक्ट्रिकचं माझ्या गाडीचं एक खास दुखणं आहे. १९६७ पर्यंतच्या एमजीबीला पॉझिटिव्ह अर्थ असते, म्हणजे बॅटरीची धन वायर बॉडीला. वाटेत कोणी भला माणूस जम्पर केबल घेऊन मदतीला येतो आणि सवयीने काळी वायर बॉडीला लावतो. सीटमागचं बॅटरीचं झाकण उघडल्यावर दिसेल असं मी लाल रंगाने मराठीत लिहून ठेवलं आहे: "थांबा! बॉडीला धन आहे." एकदा हायवेवर ते वाचून एक ट्रकवाले दादा खो खो हसले, पण थांबले. मोबाइल चार्जरसाठी गाडीच्या वायरिंगला हात लावू नका, पॉवर बँक न्या.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि आंबोली उतरताना ते पाणी उकळलं की पेडल सरळ तळाला. दोन वर्षं झाली असतील तर पूर्ण बदला. मागचे ड्रम उघडून व्हील सिलिंडरच्या रबराखाली बोट फिरवा. ओलं लागलं तर तिथेच थांबा, प्रवास पुढे ढकला. यात मी तडजोड करत नाही.

टायरची नक्षी बघून फसू नका. कडेला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. आमच्यासारख्यांच्या गाड्या कमी चालतात, त्यामुळे टायर झिजायच्या आधी वाळतात. तारांच्या चाकांना आत ट्यूब लागतेच. चाक धरून ठेवणारं मधलं मोठं नट कोणत्या बाजूने सुटतं ते त्यावरच कोरलेलं असतं. ते तांब्याच्या हातोडीने ठोकायचं, लोखंडाच्या नाही.

मग तपासणी फेरी. लोक एक्सप्रेसवेवर नेऊन ऐंशीने पळवतात आणि "मस्त चालते" म्हणतात. पळताना वारा लागतो, तेव्हा कुठलीही गाडी थंड राहते. माझी परीक्षा दोन पेपरांची असते. पहिला: सकाळी दिवे घाटाने सासवड, जेजुरी, आणि येताना बोपदेव. दुसरा जास्त अवघड: संध्याकाळी साडेसहाला कात्रज चौक. तिथे अर्धा तास सरकत सरकत काढल्यावर पाण्याचा काटा कुठे जातो, रेंगाळताना ऑइल प्रेशर किती उरतं, हे कळलं की गाडी कळली. घरी येऊन तापल्या इंजिनखाली जुनं वर्तमानपत्र पसरा आणि सकाळी डाग वाचा: हिरवा कूलंटचा, काळा ऑइलचा. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओलं आणि तेलकट दिसलं तर ब्रेक. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधी घालू नका, आत क्षाराचा थर बसतो.

कागदपत्रं थोडक्यात. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते, २०,००० रुपयांत दहा वर्षं. पण ती गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची असते, मजेच्या प्रवासासाठी नाही. म्हणून माझी नेहमीच्याच नोंदणीवर आहे. विमा आणि पीयूसी अर्थातच.

डिकीत काय: फॅनबेल्ट, रेडिएटरचे दोन्ही होस, पॉइंट, रोटर, दोन मीटर वायर, टेस्टर दिवा, तांब्याची हातोडी, पाच लिटर पाणी. आणि जुना, चाललेला कंडेन्सर, डबीत घालून. तो बदलणं म्हणजे डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाची) टोपी, एक स्क्रू आणि एक वायर, पाच मिनिटं. स्क्रू मात्र आत पडू देऊ नका. मी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला ग्रीसचा ठिपका लावून तो चिकटवते.

आमचे हे अजूनही विचारतात, गाडीतला पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप सुरू झाला का. चावी फिरवल्यावर मागून टकटक येते आणि पेट्रोल भरलं की मंदावते. टकटक आलीच नाही तर पंपाच्या अंगावर हातोडीच्या दांड्याने एक हलकी थाप. हे काम त्यांचं.

पहाटे साडेचारला निघायचं, कात्रजचा बोगदा आणि खेड शिवापूरचा टोल गर्दीच्या आधी मागे टाकायचा. शिरवळला चहा. चहा येईपर्यंत चारही नटांवर हातोडीचा एकेक ठोका, आणि हाताने प्रत्येक चाकाचा मधला भाग चाचपायचा. एखादं इतरांपेक्षा जास्त गरम लागलं तर तिथला ब्रेक धरतो आहे, चहा थंड झाला तरी चालेल.