दहा तारखेची चूक, बारा तारखेची चूक

करसल्लागाराच्या ऑफिसात लागून मला तिसरा महिना होता. जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या बिलांच्या जीएसटी विवरणपत्राची, मुदत ११ तारखेची; १० च्या संध्याकाळी मी एका क्लायंटची बिलं चढवत बसले होते. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, जवळपास सारख्या नावाच्या दोन पार्ट्या (खरेदीदार) होत्या. १,८०,००० रुपयांचं बिल भलत्याच पार्टीवर पडलं. जीएसटीच्या पोर्टलने हटकलं नाही. जीएसटी क्रमांकातलं शेवटचं, पंधरावं अक्षर टायपिंगची चूक पकडतं. क्रमांक खरा पण दुसऱ्याचाच असेल, तर ते कसं पकडणार?

१२ तारखेला बिलं फायलीत लावताना चूक दिसली. पोटात गोळा आला, आणि मी गप्प बसले. १४ तारखेला खऱ्या खरेदीदाराचं २बी, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या क्रेडिटची यादी, तयार झालं; त्यात ३२,४०० रुपयांचं क्रेडिट नव्हतं. त्याने पेमेंट अडवलं आणि क्लायंटचा फोन थेट सरांना आला.

"तुला कधी कळलं?" सरांनी एवढंच विचारलं. "बारा तारखेला," मी म्हणाले. तो प्रश्न मला अजून आठवतो.

जीएसटीआर-१ मधल्या चुका त्याच महिन्यात दुरुस्त करायला जीएसटीआर-१ए हा फॉर्म असतो, पण खरेदीदाराचा क्रमांक त्यातून बदलता येत नाही, पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्येच दुरुस्त करावा लागतो. म्हणजे मी लगेच सांगितलं असतं तरी दुरुस्ती तेव्हाच झाली असती. पण खरेदीदाराला आधी फोन गेला असता, आणि ज्याच्या खात्यात ते क्रेडिट चुकून दिसत होतं त्यालाही 'हे घेऊ नका' असं वेळेत कळलं असतं. क्लायंटचे पैसे अडकले ते माझ्या गप्प बसण्याने.

त्या आठवड्यात मी एक वही सुरू केली. प्रत्येक चुकीपुढे तारीख, वेळ आणि ती कशी सापडली, एवढं लिहायचं. 'लक्ष नव्हतं' असं लिहायचं नाही, त्यातून काहीच हाती लागत नाही. तीन महिन्यांनी वही चाळली तर निम्म्याहून जास्त चुका मुदतीच्या आदल्या संध्याकाळच्या. तेव्हापासून माझी बिलं ७ तारखेपर्यंत चढलेली असतात आणि टॅलीत पार्टीच्या नावापुढे गाव असतं.

ताळेबंदाआधी ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंची बेरीज, जुळेना, तर फरकाला आधी ९ ने भागून बघा. ५,४०० चे ४,५०० झाले की फरक ९०० चा. नऊने पूर्ण भाग गेला तर बहुधा अंकांची अदलाबदल असते. हे मला ऑफिसातल्या ताईंनी शिकवलं, तेही माझी चूक मी स्वतःहून त्यांच्या टेबलावर नेली त्या दिवशी.